निळं होईपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे थंडीबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं होतं ते घट्ट. शून्याच्या खाली करायची जेवढी कामं असत ती फिरून फिरून तिच्याच टेबलावर येत. कोरड्या बर्फाची पेटी आली की दारावरचा माणूस कुणाची म्हणून विचारायच्या भानगडीत पडत नसे. पेटी सरळ तिच्या दिशेनं ढकलायचा आणि म्हणायचा, "घ्या बाई, तुमचा उन्हाळा आला." स्वभावानं मात्र ती थंड मुळीच नव्हती. हसली की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

कंपनी छोटीशी, माणसं जेमतेम अकरा. साबण आणि अत्तरं करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना सुगंधी द्रव्यं लागतात, आणि त्या द्रव्यांना कच्चा माल लागतो. तो थोडाथोडका बनवून द्यायचा, हा यांचा धंदा. थंडीबाईच्या ताब्यात ओझोनचं यंत्र होतं. कपाटाएवढं, दुसऱ्या कुणीतरी वापरून काढून टाकलेलं, सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखं खाकरणारं. एका बाजूनं ऑक्सिजन आत जायचा, मध्ये त्याला विजेचे झटके बसायचे आणि दुसऱ्या बाजूनं ओझोन बाहेर पडायचा. कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी जोड असला की हा वायू नेमका त्याच्यावर तुटून पडतो आणि तो जोड कापतो.

अठरा वर्षं ती हे काम करत होती आणि तिला ते अजून आवडायचं. काम झालं की ते आपणहून सांगतं, हे त्यातलं तिला सगळ्यात आवडायचं. चंबूत दुहेरी जोड शिल्लक आहेत तोवर ओझोन त्यांच्यावरच खर्च होतो आणि द्रव पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. जोड संपले की येणाऱ्या ओझोनला काही काम उरत नाही, तो थंड द्रवात तसाच विरघळून राहतो, आणि द्रव निळा होतो. निळं झालं की थांबायचं. इतकं सरळ.

घरी तीन माणसं. ती, तिचा नवरा आणि सासरे. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर लोकांना वर-खाली करून घरी आला की खुर्चीत बसायचा तो हलायचा नाही. सासरे काचवाले. एका कॉलेजच्या तळघरातल्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी रसायनवाल्यांसाठी काचेची उपकरणं फुंकून दिली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर ते एक ट्रंक आणि एक आरामखुर्ची घेऊन मुलाकडे राहायला आले होते.

भांडण असं कधी झालं नाही. पण सासऱ्यांचं घरात फारसं मन लागत नव्हतं, हे तिला दिसत होतं. चहाचा पेला हातात आला की आधी तो उजेडात धरून बघायचे, नखानं टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि कपाळाला आठी घालून खाली ठेवायचे. "अहो बाबा, प्यायचा आहे तो, विकत घ्यायचा नाहीये," असं ती म्हणायची. ते "हं" म्हणायचे. त्यांचं आणि सुनेचं बोलणं बहुतेक दारातच आटपायचं.

"आलीस?"

"आले."

"आज पण कोबी?"

कोबी म्हणजे तिच्या कपड्यांना येणारा वास. ओझोनचं काम संपलं की शेवटी डायमिथाइल सल्फाइड नावाचं गंधकाचं द्रव्य घालावं लागे, आणि त्याचा वास थेट उकडून विसरलेल्या कोबीसारखा. ती तडक न्हाणीघरात जायची. सासरे खिडकी उघडायचे. झालं, दिवसभराचं बोलणं संपलं.

त्या वर्षी एका अत्तरवाल्या कारखान्याकडून नवीन काम आलं. आठ कार्बनची एक कडी, म्हणजे आठ अणू हातात हात घालून गोल उभे, आणि त्यात एकाच जागी दुहेरी जोड. ती तिथं कापायची, म्हणजे कडीची सरळ साखळी होते आणि साखळीच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड नावाचा एकेक अणुगट बसतो. असा शंभर ग्रॅम शुद्ध माल एकोणीस दिवसांत नमुना म्हणून द्यायचा होता. तो पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. माणूस भला, पण कुठल्याही विषयावर त्यांचा प्रश्न एकच असायचा, "तारीख काय?" त्यामुळे त्यांच्या माघारी सगळे त्यांना तारीखबाई म्हणत. त्यांनी थंडीबाईला बोलावून विचारलं, "जमेल?"

"न जमायला काय झालं? वर्षातून दहादा करते मी हे."

छोट्या चंबूत जमलंही. एका सकाळीच द्रव सुंदर निळा झाला आणि पाच ग्रॅम माल मिळाला. मग तिनं पाच लिटरचा मोठा चंबू चढवला, आणि तिथं सगळं अडलं.

मोठ्या चंबूला तीन माना. मधल्या मानेतून ढवळायचा दांडा, त्याच्या खाली पातं. एका तिरक्या मानेत थर्मामीटर, दुसऱ्या तिरक्या मानेतून ओझोनची नळी. नळी साधीच, टोकाला उघडी. तिच्यातून द्राक्षाएवढे बुडबुडे निघत आणि घाईघाईनं वर जाऊन फुटत. आतल्या कड्यांना भेटायला त्यांना सवडच नव्हती. बाहेर पडणारा फुकट ओझोन पकडायला तिनं पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्याची बाटली लावली होती. ओझोन वाया जायला लागला की ते पाणी पिवळं आणि मग तपकिरी होतं. पहिल्या दहा मिनिटांतच ते चहासारखं झालं. म्हणजे महागामोलाचा वायू एका दारानं येत होता आणि दुसऱ्या दारानं चालला होता. सात तास झाले तरी चंबूत निळ्याचा मागमूस नाही. दिवस संपला, कोरडा बर्फ संपला, आणि तपासून बघितलं तर निम्म्याहून अधिक कड्या जशाच्या तशा.

तिनं वायू मंद करून बघितला. ढवळणं जोरात करून बघितलं. पाचवा दिवस त्यात गेला, सहावा गेला. बुडबुडे बारीक करणारी नळी, म्हणजे टोकाला बारीक छिद्रांची काच बसवलेली, बाजारात मिळत होती. पण ती सरळच. तिरक्या मानेतून घातली की पात्याला जाऊन थडकायची, आणि आखूड घेतली की बुडापर्यंत पोचायची नाही. मनासारखी करून द्यायला दुकानदारानं सहा आठवडे सांगितले.

"सहा आठवडे?" तारीखबाई म्हणाल्या आणि तारीख विचारायचंही विसरल्या. त्यांच्या हयातीत हे पहिल्यांदाच घडत असावं.

त्या संध्याकाळी थंडीबाई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. चंबूचं चित्र काढलं, नळीचं काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. बुडाशी, पात्याच्या खाली, चांगली रुंद छिद्रांची चकती असलेली नळी. सासरे पाणी प्यायला आले. पेला भरला, आणि तो नेहमीसारखा उजेडात न धरताच कागदाकडे बघत उभे राहिले. कागद त्यांच्या बाजूनं उलटा होता.

"हे जायचं नाही मानेतून," ते म्हणाले.

"का?"

"चकती केवढी आणि मान केवढी? दारापेक्षा मोठं कपाट खोलीत बांधून ठेवल्यासारखं झालं. आत नेणार कसं?"

तिनं चित्राकडे बघितलं. खरंच की. दोन दिवस डोकं फोडत होती आणि एवढं साधं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग काय करू?"

सासऱ्यांनी खुर्ची ओढली. तिच्या हातातली पेन्सिल मागितली नाही, घेतलीच. "चकती कशाला पाहिजे? बोटासारखी लांब कर. मानेतून बोट सरळ आत जातं. आत गेल्यावर नळी अशी फिरवायची, की बोट पात्याच्या खाली आडवं झोपतं." त्यांनी चार रेघांत नळी काढली. दोन वाक होते, आणि दोन्ही वाक कुठं हवेत ते त्यांनी अजिबात न अडखळता दाखवलं. "चंबूची मापं आण उद्या. कागदावरची नकोत. फूटपट्टी लावून घेतलेली आण."

"बाबा, करायला कोण आहे पण?"

ते उठून आपल्या खोलीत गेले, आणि ट्रंकेतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात कापसात गुंडाळलेली पाच-सहा पांढरी बोटं होती, बारीक छिद्रांच्या काचेची. "निघताना घेऊन आलो होतो. उगाच. टाकवत नाहीत ना." मग जरा थांबून म्हणाले, "आता जाळावर हात बसेल की नाही ते सांगता येत नाही. पण कारखान्यात सध्या जी आहे ती माझ्याच हाताखाली शिकली. दार तरी उघडेल माझ्यासाठी."

दार उघडलं. काचवाली पन्नाशीची, कपाळावर काळा चष्मा चढवलेली. तिनं सासऱ्यांना बघितलं आणि ओरडलीच, "सर! सहा वर्षांनी आठवण झाली होय?" आपलं टेबल तिनं लगेच रिकामं करून दिलं. थंडीबाईनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

घरी बघितलेले सासरे हे नव्हेतच, असं तिला वाटत राहिलं. त्यांनी बाही दुमडली, गॅस सोडला, ज्योत कानानं ऐकत लहान-मोठी केली. पहिली नळी वाकवताना वाक चपटा झाला. ती त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकली. दुसरीही टाकली. काचवालीनं थंडीबाईकडे बघून मान हलवली. त्याचा अर्थ थांब, बोलू नकोस. तिसरी नळी बरोबर वाकली. नारिंगी, मऊ, मधासारखी होऊन ती खाली ओघळायला लागली, आणि ते ती दोन्ही हातांनी सारखी फिरवत राहिले, फुंकर घालत राहिले. शेवटी पांढरं बोट टोकाला जोडलं. संध्याकाळी चार वाजता नळी तयार.

"भट्टीत ठेवायची ना सर?" काचवालीनं विचारलं. "सकाळपर्यंत हळूहळू निवू दे."

"ज्योतीवरच शेकलीये चांगली. हिची घाई आहे. आजच नेऊ दे हिला."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. नळी मांडीवर, टॉवेलात. "एका दुपारीत केली," ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा स्वतःशीच.

दुसऱ्या दिवशी थंडीबाईनं खरा माल घालायच्या आधी नळी नुसतीच थंड करून बघायचं ठरवलं. ही तिची जुनी सवय. चंबूत फक्त द्रावक घातला, खाली कोरडा बर्फ आणि अल्कोहोल, तापमान उणे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. नळी मानेतून सहज आत गेली, फिरली, पात्याखाली जाऊन झोपली. बाहेरून नुसती हवा सोडली, आणि बोटातून बारीक बुडबुड्यांचं धुकं निघालं. दुधासारखं. तिच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मग टक् असा आवाज आला.

छोटासाच. बोट जिथं जोडलं होतं तिथं काचेत केसाएवढी रेघ उमटली, आणि तिथून द्राक्षाएवढे बुडबुडे निघायला लागले.

तिनं हवा बंद केली आणि नळी बाहेर काढली. मालाचं काही नुकसान नव्हतं. पण घरी काय सांगायचं? कालचा त्यांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. नळी मस्त चालली म्हणावं, आणि गुपचूप काचवालीकडून दुसरी करून घ्यावी, असं एक मन म्हणत होतं. काचवालीला करायला तिनं फोन उचललाही. मग ठेवून दिला. तिला स्वतःला कुणी असं फसवलं असतं तर तिनं त्या माणसाचं तोंड बघितलं नसतं.

संध्याकाळी ती घरी आली.

"आलीस?"

"आले. बाबा, नळी तडकली."

सासरे खिडकी उघडायला निघाले होते, ते थांबले. "कुठं?"

"बोटाच्या जोडाजवळ. थंड केल्यावर."

"तुकडे आणलेस?"

तिनं पिशवीतून नळी काढली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, फिरवली, आपल्या दोन चष्म्यांपैकी एक काढून दुसरा लावला, पुन्हा फिरवली. ती उगाचच भाजी गरम करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. कानोसा घेत. बाहेरून शिवी आली. चांगली ठेवणीतली. मग हसणं आलं.

"ए सूनबाई, इकडे ये! बघ. कशी सरळ रेघ गेलीये बघ. हा काचेत राहिलेला ताण आहे. भट्टीत रात्रभर निवली असती तर काहीसुद्धा झालं नसतं. ती सांगत होती मला, आणि मी ऐकलं नाही. नव्या पोराला कान धरून शिकवतो ते मीच विसरलो!"

"घाई माझीच होती बाबा."

"तुझी कुठली? तू कुठं मागितलीस आजच्या आज? मलाच दाखवायचं होतं, एका दुपारीत होतं म्हणून." ते खुर्चीत बसले. रागावलेले अजिबात दिसत नव्हते. उलट कित्येक महिन्यांत इतके ताजेतवाने दिसले नव्हते. "वाक बरोबर आहेत का पण? मानेतून गेली?"

"लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आणि बुडबुडे इतके बारीक, की धुकंच."

"मग निम्मं काम झालंय. सोमवारी परत जातो. त्याच दिवशी करायची, बुधवारी सकाळपर्यंत भट्टीतच राहू द्यायची. चालेल तुझ्या त्या बाईंना?"

"न चालवून सांगतात कुणाला."

जेवताना सासरे काहीतरी मनात घोळवत होते. नवरा टीव्हीवरच्या सामन्यात बुडाला होता. शेवटी ते म्हणाले, "एक विचारू? हे आत होतं तरी काय? चौतीस वर्षं मी नळ्या दिल्या, चंबू दिले. पण त्यांचं पुढं काय झालं ते मला कुणी कधी दाखवलं नाही. फुटल्या की तेवढ्या परत यायच्या. चांगल्या चालल्या त्या कशा चालल्या, देव जाणे."

थंडीबाईच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनंही आयुष्यात कितीतरी नळ्या फोडून असल्या कारखान्यांत पाठवल्या होत्या. चांगली चाललेली नळी दाखवायला मात्र ती कधी गेली नव्हती.

"गुरुवारी माझ्याबरोबर चला," ती म्हणाली.

गुरुवारी तारीखबाईंनी स्वतः पाहुण्यांच्या वहीत सासऱ्यांचं नाव लिहिलं. त्यांना पांढरा कोट दिला, चष्म्यावरून घालायचा मोठा चष्मा दिला आणि वायू खेचून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर एक उंच स्टूल दिलं. "पुढचं काचेचं दार खाली केलं की ते उचलायचं नाही, आणि आत हात घालायचा नाही," थंडीबाईनं बजावलं. "ओझोन छातीला वाईट."

"चौतीस वर्षं जाळाशी बसलोय. कुठं हात घालायचा नाही ते कळतं मला."

साडेनऊला यंत्र खाकरलं. नवी नळी आत गेली, फिरली, झोपली. थंडीबाई कान लावून उभी होती. तापमान खाली गेलं, आणखी खाली गेलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आवाज आला नाही. पात्याखालून धुकं निघत राहिलं आणि बाहेरच्या बाटलीतलं पाणी बिनरंगीच राहिलं. म्हणजे आलेला सगळा ओझोन आतच कामाला लागत होता.

"आता सांग," सासरे म्हणाले.

तिनं कागदावर आठ ठिपक्यांची कडी काढली. "हा दुहेरी जोड. ओझोन इथं शिरतो आणि कापतो."

"म्हणजे दोन तुकडे होतात."

"कडी आहे ना बाबा. बोट सुजलं की सोनार अंगठी एका जागी कापतो, तशी. तुकडा एकच राहतो, फक्त उघडतो. आणि दोन टोकं होतात."

"आणि टोकांना काय?"

"आत्ता लगेच नीट काही नाही. आत्ता तिथं ओझोनचं एक तापट संयुग बसतं. त्याला या थंडीत गप्प ठेवायचं. मग गंधकाचं द्रव्य घातलं की त्यातला जास्तीचा ऑक्सिजन ते काढून घेतं, आणि दोन्ही टोकांना अल्डिहाइड राहतं."

"हाच तो कोबी?"

"हाच."

सासऱ्यांनी मान डोलावली. "काहीतरी उपयोगाचा आहे तर."

चार तास बसायचं होतं. थंडीबाईनं त्यांना दोनदा सांगितलं, बाहेर जाऊन चहा घेऊन या. ते एकदाच गेले आणि चहा अर्धा टाकून परत आले. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी बोलत होता. कुणी आपली कुठली नळी गळते ते विचारत होतं, कुणी अडकलेलं बूच घेऊन आलं. ते सगळ्यांना उत्तरं देत होते, पण डोळे चंबूवर.

एक वाजून सदतीस मिनिटांनी ते म्हणाले, "निळं होतंय."

थंडीबाई वाकून बघायला लागली. "नाही हो. बर्फाची झाक असेल."

"होतंय म्हणतो ना. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून निळं मला तुझ्याआधी दिसतं. डॉक्टरच म्हणाले होते."

तिनं चंबूच्या मागं पांढरा कागद धरला. आणि खरंच होतं. अगदी पुसट, सूर्य उगवायच्या आधीच्या आकाशाइतकं. मग दोन-तीन मिनिटांत ते दाटलं, आणि सगळा चंबू निळा झाला. बाहेरच्या बाटलीतलं पाणीही आता भराभर पिवळं व्हायला लागलं. तिनं ओझोन बंद केला. कुणीतरी टाळी वाजवली. तारीखबाई दारातूनच म्हणाल्या, "झालं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच "झालं!" म्हणून निघून गेल्या.

सासरे स्टुलावरून उतरले होते. काचेच्या दारापाशी उभं राहून ते बघत होते. द्रवात त्यांची नळी बुडापर्यंत निळी दिसत होती, दोन वाकांसकट.

"एवढा रंग असतो होय," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही लोक नुसते फोडता."

"राहील असा दहा मिनिटं. ऑक्सिजन सोडला की जाईल."

"घाई करू नकोस."

तिनं केली नाही. नेहमी ती लगेच उरलेला ओझोन हुसकून लावायची. त्या दिवशी तिनं पाच मिनिटं तसंच राहू दिलं. मग ऑक्सिजन सोडला, निळं विरत गेलं, द्रव पुन्हा पाण्यासारखा झाला. तिनं गंधकाच्या द्रव्याची बाटली हातात घेतली, तसे सासरे कोट काढायला लागले. "मी निघतो. हा भाग मला घरी बसूनही कळतोच."

द्रव सकाळपर्यंत ढवळत राहिला. शुक्रवारी तिनं तपासणीच्या कागदाची पट्टी बुडवून बघितली. कागद जांभळा झाला असता तर तापट संयुग अजून शिल्लक आहे, आटवायला घेतलं तर भडका उडेल, असा त्याचा अर्थ. कागद पांढराच राहिला. मग धुणं, आटवणं, निर्वात करून ऊर्ध्वपातन. अल्डिहाइड असं, की गरम ठेवलं तर त्याची दोन टोकं एकमेकांना पकडून पुन्हा कडी करायला बघतात, म्हणून सगळं भराभर आणि थंडच उरकावं लागलं. सोमवारी दुपारी वजनकाट्यावर एकशे एक ग्रॅम. बिनरंगी, स्वच्छ. नमुना दोन दिवस आधीच गेला.

महिन्याभरानं अत्तरवाल्यांचं होकाराचं पत्र आलं. तारीखबाईंनी थंडीबाईला बोलावलं. "वर्षभर करायचंय आता. तशा आणखी दोन नळ्या लागतील. एक मोडली तर अडायला नको. तुमच्या सासऱ्यांना विचारता?"

"तुम्हीच विचारा की," थंडीबाई म्हणाली आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला.

फोनवर पहिला प्रश्न अर्थातच तारखेचा होता. पलीकडचं बोलणं थंडीबाईला ऐकू येत नव्हतं. तारीखबाईंचं मात्र येत होतं. "हो... हो, कळलं... नाही नाही, घाई अजिबात नाही... भट्टीत, हो... बरं, तुम्ही म्हणाल तेव्हा." त्यांनी फोन थंडीबाईला परत दिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एका नळीला तीन दिवस. आणि अट आहे एक."

"कसली अट?"

"नळी पहिल्यांदा चालवाल त्या दिवशी ते इथं बसणार. दोन्ही वेळा."

थंडीबाई अशी हसली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

सासरे आता मंगळवारी आणि शुक्रवारी काचवालीकडे जातात. ती अवघड कामं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवते, आणि ते तिच्याशी प्रत्येक वाकावरून वाद घालतात. संध्याकाळी घरी आले की टेबलाशी बसून मुलाला कडी कशी उघडते ते समजावतात. त्याला ते आता तोंडपाठ झालंय, तरी तो ऐकून घेतो. परवा त्यांनी आठाऐवजी सहा ठिपक्यांची कडी काढली, तेव्हा थंडीबाईनं चूक दाखवली. ते म्हणाले, सहाचीही उघडतेच की. ती म्हणाली, उघडते, पण त्याचा माल वेगळा. मग ते दोघं जेवण निवेपर्यंत भांडत बसले.